विचारले तेवढेच सांगायचे

बी.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना वृद्धांची शुश्रूषा त्यांच्या घरी जाऊन कशी करावी हे शिकवण्यासाठी इंदूरच्या एका महाविद्यालयाने आपल्या स्किल लॅबमधल्या एका खोलीचे घर केले आहे, आणि त्या घरात राहणाऱ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजीची भूमिका गेल्या वर्षापासून मी करते आहे. मी स्वतः अडुसष्ट वर्षांची असून विमा कार्यालयातून निवृत्त झाले आहे. तरुणपणी गणेशोत्सवातल्या नाटकांत कामे केलेली होती, एवढ्या भांडवलावर आमच्या लोकमान्य नगरातच राहणाऱ्या एका ट्यूटर मॅडमनी मला या कामासाठी विचारले. खाटेवर पडून कण्हायचे एवढेच काम असेल, असा माझा समज होता. तो पहिल्या तालमीतच चुकीचा निघाला.

खोलीचे वर्णन आधी करते, कारण या सगळ्या शिक्षणात खोलीचा वाटा मोठा आहे. एका बाजूला लाकडी पलंग, उशाशी स्टूल आणि त्यावर पाण्याचा तांब्या, कोपऱ्यात छोटा फ्रिज, भिंतीवर देव्हारा, खिडकीशी हातांची खुर्ची, पडद्यापलीकडे ओटा आणि एका बाजूला मोरीवजा न्हाणीघर. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर एक जुनी सतरंजी मुद्दाम कड दुमडून टाकलेली असते. औषधे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असतात, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली असते आणि बल्ब कमी उजेडाचा असतो. छताशी दोन कॅमेरे आहेत आणि एका भिंतीला काच आहे, जिच्यातून पलीकडे बसलेल्या ट्यूटरना आम्ही दिसतो, पण आम्हाला त्या दिसत नाहीत. सतरंजी, चष्मा, उजेड यांपैकी कशाचाही उल्लेख मी स्वतःहून करायचा नसतो. विद्यार्थ्याच्या नजरेत काय भरते, हेच तर तिथे पाहायचे असते.

अशा शिक्षणाची सुरुवात पुतळ्यांपासून झाली, हे मला तालमीच्या वेळी कळले. अमेरिकेतल्या हार्टफर्ड येथील रुग्णालयाच्या परिचारिका विद्यालयात १९११ साली माणसाच्या उंचीची एक बाहुली आणली गेली. ती बाहुल्या बनवणाऱ्या मार्था चेस या बाईंनी घडवलेली असल्यामुळे तिला सगळे 'मिसेस चेस' म्हणत, आणि अंघोळ घालणे, कूस बदलणे, उचलून खुर्चीत बसवणे हे परिचारिका तिच्यावर शिकत. जिवंत माणसाला रुग्ण म्हणून तयार करण्याची पद्धत मात्र पुष्कळ नंतरची. हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञांनी १९६३ मध्ये लॉस एंजेलिस येथे चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसणाऱ्या एका स्त्रीला आजाराची लक्षणे पढवून वैद्यकीय विद्यार्थ्यांसमोर बसवले. त्या काळच्या प्राध्यापकांपैकी अनेकांना हा थिल्लरपणा वाटला होता म्हणे. आमच्याकडेही माझ्या नणंदेने "म्हणजे तू आजारपणाचे सोंग घेतेस आणि त्याचे पैसे मिळतात?" असेच विचारले होते, तेव्हा त्या प्राध्यापकांना नावे ठेवण्यात अर्थ नाही.

भूमिकेचे म्हणून मला एक कार्ड मिळाले. 'कार्ड' म्हणायचे खरे, पण तो चांगला चार पानांचा मजकूर आहे. त्यातल्या आजींना मधुमेह आहे, रक्तदाब आहे, उजव्या गुडघ्याचा संधिवात आहे. मुलगा पुण्याला नोकरीला आहे, धाकटा मुलगा आणि सून यांच्याबरोबर त्या इंदूरला राहतात, आणि आपल्याला पुण्याच्या फ्लॅटवर नेऊन ठेवतील ही धास्ती त्यांच्या मनात आहे. मजकूर तीन रंगांत छापलेला आहे. हिरव्यातले मी आपणहून बोलायचे: गुडघा दुखतो, झोप लागत नाही, सूनबाई फार करते. निळ्यातले कोणी मोकळा प्रश्न विचारून थोडे थांबले तर सांगायचे: उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, रात्री लघवीसाठी दोन-तीनदा उठावे लागते. लाल मजकूर नेमक्या प्रश्नालाच आणि नेमक्या परिस्थितीतच बाहेर काढायचा, आणि त्यात सगळ्यांत महत्त्वाचे हे की मागच्या आठवड्यात पहाटे न्हाणीघराच्या दाराशी आजी पडल्या आहेत आणि ते त्यांनी घरात कोणालाही सांगितलेले नाही.

माझे स्वतःचे आजार मॅडमनी आधी विचारून घेतले आणि त्यांची नोंद केली. माझाही उजवाच गुडघा दुखतो, म्हणून कार्डातला गुडघा उजवा ठरवण्यात आला, म्हणजे मी चुकून खरी लंगडले तरी बिघडत नाही. मला खरोखरच बरे वाटेनासे झाले तर म्हणायचे एक वाक्यही ठरलेले आहे, कारण 'मला चक्कर येते आहे' असे मी म्हटले तर तो भूमिकेचाच भाग समजला जाईल.

नाटकाची सवय इथे उपयोगी पडली त्यापेक्षा आड जास्त आली. रंगमंचावर शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळावे म्हणून वेदना मोठी करून दाखवावी लागते, आणि इथे तर समोरची मुलगी दोन फुटांवर बसून माझ्या मनगटाला हात लावून असते. पहिल्या तालमीत मी खुर्चीतून उठताना केलेला चेहरा पाहून मॅडम म्हणाल्या, "काकू, तुम्ही विव्हळू नका, फक्त उशीर लावा." उशीर लावणे ही शिकण्याची गोष्ट निघाली. वृद्ध माणसाच्या पडण्याचा धोका अजमावण्याची एक साधी चाचणी आहे: खुर्चीतून उठायचे, नेहमीच्या चालीने तीन मीटर जायचे, वळायचे, परत येऊन बसायचे, आणि याला बारा सेकंदांहून अधिक वेळ लागला तर धोका आहे असे समजायचे. आजींना अठरा सेकंद लागले पाहिजेत, तेही प्रत्येक विद्यार्थ्यासमोर. त्यासाठी पहिल्या प्रयत्नात उठणे जमत नाही, मग दोन्ही हातांनी खुर्चीचे हात दाबून उठायचे, वळताना पुष्कळ लहान पावले टाकायची आणि बसताना शेवटी अंग सोडून द्यायचे, असा क्रम आम्ही घड्याळ लावून बसवला. नैसर्गिक दिसेल अशा तऱ्हेने हळू चालणे हे किती कष्टाचे आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

परंतु अभिनयापेक्षाही अवघड अशी एक शिस्त या कामात आहे, आणि तिच्याविषयी लिहावे म्हणूनच खरे तर मी हे लिहायला बसले. समोर आलेले मूल एकोणीस-वीस वर्षांचे असते, हात थरथरत असतात, कपाळावर घाम असतो, आणि त्याच्या प्रश्नाची दिशा अगदी थोडक्यात चुकते आहे हे मला दिसत असते. अशा वेळी कोणाही बाईच्या तोंडून 'अरे, रात्री उठल्यावर काय होते ते विचार ना' असे निघून जाईल. नातवंडाला गणित सांगताना आपण उत्तराचा पहिला आकडा हळूच सुचवतो, तसाच हा मोह आहे. मात्र एकीला मी डोळ्यांनी सुचवले आणि दुसरीला सुचवले नाही, तर दोघींच्या गुणांना काही अर्थ उरत नाही. शिवाय जिला सुचवले ती खऱ्या घरात गेल्यावर तिथली आजी तिला काहीच सुचवणार नसते. म्हणून विचारले तेवढेच सांगायचे, तेही सगळ्यांना सारख्याच शब्दांत, सारख्याच सुरात. दिवसातल्या शेवटच्या विद्यार्थ्यापर्यंत हा सारखेपणा टिकवताना माझी जितकी दमछाक होते तितकी नाटकाच्या प्रयोगात कधी झाली नव्हती.

प्रसंग दारापासून सुरू होतो. विद्यार्थी दोघांच्या जोडीने येतात. दार वाजवायचे, नाव सांगायचे, कशासाठी आलो ते सांगायचे आणि आत येऊ का असे विचारायचे. रुग्णालयात पडदा सारून थेट खाटेपाशी जायची सवय लागलेली असल्यामुळे पुष्कळ जण इथेच घाई करतात. चपला बाहेर काढायच्या की नाहीत, यावर त्यांच्यात नजरानजर होते. त्यानंतर सामुदायिक परिचर्येत शिकवतात ती बॅगेची पद्धत: आपली पिशवी कुठेही ठेवायची नाही, स्वच्छ जागी वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवायची, आपलाच साबण आणि टॉवेल काढून आधी हात धुऊन यायचे आणि मगच आतल्या वस्तूंना हात लावायचा. ही पद्धत बहुतेकांना तोंडपाठ असते. मात्र हात धुवायला कुठे जायचे हे घरच्या माणसाला विचारावे लागते, आणि ते विचारताना न्हाणीघर डोळ्यांखालून घालायची आयती संधी मिळते, हे लक्षात येणारे थोडे. जिच्या लक्षात येते ती परत येऊन म्हणते, "दादीजी, बाथरूम में पकड़ने के लिए कुछ नहीं है, आप उठती कैसे हैं?" अशा प्रश्नाला माझ्या कार्डात निळे उत्तर आहे, आणि ते देताना मला मनातून जो आनंद होतो तो चेहऱ्यावर येऊ द्यायचा नसतो.

सुनेची भूमिका तिथल्याच एक तरुण क्लिनिकल इन्स्ट्रक्टर करतात, आणि उत्तम करतात. ती सून वाईट नाही, उलट फार तत्पर आहे, आणि नेमकी अडचण तीच आहे. मला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ती देते. दोन-तीन प्रश्नांनंतर विद्यार्थी आपोआप तिच्याकडे वळतात आणि मग "ये खाना ठीक से खाती हैं?", "इनको नींद आती है?" असे माझ्याविषयीचे बोलणे माझ्या डोक्यावरून सुरू होते. मी भूमिकेत आहे हे पक्के ठाऊक असूनही त्या वेळी मला खरोखर चीड येते. पडल्याचा प्रश्न सुनेसमोर आला, तर माझे उत्तर 'छे, मी कशाला पडते' हेच आहे. सून खोलीत नसताना तोच प्रश्न आला तरच लाल मजकूर उघडायचा. सून एकदा चहा ठेवायला पडद्याआड जाते, पण तेवढ्यावर विसंबलेल्यांना तो वेळ पुरत नाही. एका विद्यार्थिनीने यावर काढलेली तोड मला फार आवडली. तिने सुनेला नम्रपणे सांगितले की आजींच्या पाठीची आणि कमरेची त्वचा तपासायची आहे, तेव्हा पाच मिनिटे पडदा लावून घेऊ का; आणि पडद्याआड माझी पाठ पाहता पाहता, माझ्याकडे न बघता, तिने हळूच विचारले की रात्री उठताना कधी तोल गेला होता का. समोरासमोर कबूल करायला जड जाणारी गोष्ट पाठमोऱ्या माणसाला सांगणे सोपे जाते, हे तिला कोणी शिकवले असेल असे वाटत नाही.

पत्र्याच्या डब्यातली औषधे हे या प्रसंगाचे मर्म आहे. आजी दोन डॉक्टरांकडे जातात, एक घराजवळचे आणि एक हृदयाचे. एकांनी दिलेल्या गोळीत टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड अशी दोन औषधे एकत्र आहेत, तर दुसऱ्यांनी नुसते हायड्रोक्लोरोथायझाइड वेगळ्या नावाने लिहिले आहे. म्हणजे लघवीवाटे पाणी काढणारे औषध पोटात दुप्पट जाते आहे, आणि त्यातली एक गोळी आजी झोपताना घेतात. मग रात्री वारंवार उठणे आले, उठल्यावर रक्तदाब उतरून अंधारी येणे आले, मंद उजेड, दुमडलेली सतरंजी आणि ओली फरशी आली. हे सगळे दुवे त्या खोलीत उघड्यावर पडलेले असतात, पण त्यांची माळ विद्यार्थ्यानेच ओवायची असते. रक्तदाब आधी आडवे निजवून मोजायचा, मग उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजायचा. वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने उतरला तर ती धोक्याची खूण. माझा रक्तदाब काही हुकमी उतरत नाही, म्हणून विद्यार्थी खरोखर पट्टा बांधून मोजतात आणि मोजून झाल्यावर त्यांच्या हाती चिठ्ठी दिली जाते: निजलेले असताना १३८/८२, उभे राहिल्यावर ११२/७०. बसूनच एकदा मोजून जो पुढे सरकला त्याला दुसरी चिठ्ठी मिळतच नाही.

इन्सुलिनचा भाग तर माझ्यासाठीच नवा होता, आणि घरात मधुमेह असलेल्या प्रत्येकाने तो समजून घ्यावा असे मला वाटते. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन दोन शक्तींचे मिळते, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. त्यांच्या सिरिंजही वेगवेगळ्या असतात. चाळीसच्या सिरिंजचे टोपण लाल आणि शंभरच्या सिरिंजचे नारिंगी. आजींच्या फ्रिजमधली बाटली चाळीसची आहे आणि डब्यातल्या सिरिंज नारिंगी टोपणाच्या. शंभरच्या सिरिंजवर वीसच्या खुणेपर्यंत औषध भरले की ते ०.२ मिलिलिटर होते, आणि चाळीसच्या बाटलीतल्या तेवढ्या औषधात युनिट असतात फक्त आठ. साखर उतरत नाही म्हणून डॉक्टर मात्रा वाढवून तीस करतात, प्रत्यक्षात जातात बारा. पुढे एक दिवस कोणी बरोबर सिरिंज आणून देते, तीसची खूण पाहून भरते, त्या दिवशी पूर्वीच्या अडीचपट इन्सुलिन अंगात जाते आणि आजी घामाघूम होऊन बेशुद्ध पडतात. बाटली शंभरची आणि सिरिंज चाळीसची अशी अदलाबदल झाली, तर ती पहिल्याच दिवशी जिवावर बेतू शकते.

विद्यार्थी बाटलीवरचे नाव वाचतात, मुदत पाहतात, मात्रा विचारतात, टोचायची जागा निवडतात. आणि सिरिंज हातात असूनही टोपणाच्या रंगाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही, कारण वॉर्डात जी लागते तीच सिरिंज ट्रेमध्ये ठेवलेली असते. टोचण्यासाठी माझ्या पोटावर पातळाच्या आतून स्पंजाची एक गादी बांधलेली असते. तिच्यावरून त्वचेची चिमूट धरण्याची त्यांची पद्धत पाहून मॅडम गुण देतात, पण मी पाहत असते ते हे की सुई काढण्यापूर्वी मला कोणी सांगते का. नारिंगी टोपण पाहून जी मुलगी थबकली, तिने बाटली आणि सिरिंज शेजारी शेजारी धरून सुनेला दोन्हींवरचा आकडा वाचायला लावला. त्या वाचण्यातच सुनेला काय ते कळून चुकले आणि मुलीला व्याख्यान द्यावे लागले नाही.

पायांची तपासणी बहुतेक जण घाईत उरकतात. खरगोनकडचा एक मुलगा मात्र सरळ फरशीवर मांडी घालून बसला आणि माझे पाऊल स्वतःच्या गुडघ्यावर घेऊन बोटांच्या बेचक्या एकेक करून पाहू लागला, मग नायलॉनचा तो बारीक तंतू तळव्याला टेकवून कुठे कुठे जाणवते ते डोळे मिटून सांगायला लावले. त्याचे डोके माझ्या पायांशी वाकलेले पाहून माझा हात आशीर्वादासाठी आपोआप वर गेला. काचेपलीकडे सगळे हसले असे नंतर कळले. तो मुलगा हसला नाही. दुसरे पाऊल घेऊ का, असे विचारून त्याने काम पुढे चालू ठेवले.

प्रसंग पंधरा मिनिटांत संपतो आणि त्यावरची चर्चा, म्हणजे डीब्रीफिंग, त्याच्या दुप्पट वेळ चालते. आधी सगळ्यांनी मनातले मोकळे करायचे, मग काय घडले ते क्रमाने सांगायचे, आणि त्यानंतर मॅडम विचारतात की अमुक वेळी तुम्ही असे केलेत तेव्हा तुमच्या मनात काय चालले होते. चूक दाखवण्याआधी तिच्यामागचा विचार काढून घेण्याची ही रीत मला आमच्या काळच्या शिक्षणात कुठे दिसली नव्हती. माझ्या वाट्याचे बोलणे ठरलेले असते. इंजेक्शन बरोबर दिले की चूक, यावर बोलण्याचा मला अधिकार नाही; मी फक्त मला काय जाणवले ते सांगायचे. 'तू हात धुऊन आल्यावर ते माझ्या अंगाला लावण्यापूर्वी पुसून कोमट केलेस, तेव्हा मला बरे वाटले,' किंवा 'तू माझ्याकडे पाठ करून सुनेशी बोलत होतीस, तेव्हा मी उत्तरे देणे सोडून दिले.' ही वाक्ये ऐकताना मुलांचे चेहरे ज्या तऱ्हेने बदलतात, तसे गुण ऐकताना बदलत नाहीत.

दुसऱ्या एका प्रसंगात मी रुग्ण नसून रुग्णाची बायको असते आणि पक्षाघात झालेले यजमान म्हणून पलंगावर पुतळा निजवलेला असतो. त्यांच्या कण्हण्याचा आवाज काचेपलीकडून मॅडमच देतात, त्यामुळे माझे यजमान अधूनमधून बाईच्या आवाजात पाणी मागतात. नाकातल्या नळीवाटे अन्न देताना डोक्याकडची बाजू उंच ठेवणे आणि नंतरही काही वेळ तशीच राहू देणे, कॅथेटरची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली पण जमिनीला न टेकता अडकवणे, दर दोन तासांनी कूस बदलणे, हे सगळे विद्यार्थ्यांना येते. चादर बदलताना तीच पिशवी उचलून पलंगावर ठेवण्याची सवय मात्र अजून पुष्कळांची गेलेली नाही. माझ्या कार्डातला लाल मजकूर असा आहे की रात्री मी त्यांची कूस बदलत नाही, कारण मला उठवत नाही, आणि हे बोलायची मला लाज वाटते. 'दर दो घंटे में करवट बदलनी है' असे मला बजावून सांगणारे पुष्कळ भेटतात. 'रात्री तुम्ही किती वेळ झोपता?' असे विचारणारे विरळा.

या पद्धतीतले सगळेच मला पटते असे नाही. मुलांना म्हातारपण कळावे म्हणून चष्म्याच्या काचांना व्हॅसलीन फासायचे, कानांत कापूस घालायचा, गुडघ्यांना पट्ट्या आवळायच्या, बुटांत डाळीचे दाणे टाकायचे आणि मग जिना चढायला लावायचे, असा एक खेळ तिथे होतो. त्याने अंग कसे आखडते ते कळते, हे खरे. पण अर्ध्या तासाने पट्ट्या सुटणार आहेत हे ठाऊक असलेल्या माणसाला त्यातून धास्ती कळत नाही, आणि पडल्याचे लपवणारी आजी धास्तीपोटीच लपवते. तपासणीच्या यादीत 'रुग्णाशी आपुलकीने बोलले' असा एक रकाना आहे, त्यावर खूण कशाच्या आधारे करतात हे मला अजून समजलेले नाही. खोलीविषयीही मी बोलले. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या वाड्यांत अजून उंच उंबरे आहेत, अंधारे जिने आहेत आणि शौचालय अंगणाच्या पलीकडच्या टोकाला आहे. तिथे ही सपाट फरशी आणि हाताशी असलेले न्हाणीघर कुठून आणणार? उंबरा आता बसवला आहे. तो लाकडाचा असून मधोमध सुटा होतो, पण पहिल्याच आठवड्यात दोन विद्यार्थी त्याला अडखळले, त्यामुळे त्याची उपयुक्तता सिद्ध करण्याची मला गरज पडली नाही.

ही मुले शिकून बाहेर पडल्यावर घरोघरी जाऊन हे काम करतील का, याची मला खात्री देता येत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे आणि त्यापुढच्या सर्वांना आयुष्मान योजनेत सामावून घेतले आहे, पण ते संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यावरचे आहे. घरी येणाऱ्या परिचारिकेचा खर्च घरच्यांनीच करायचा, आणि तो परवडत नाही म्हणून आमच्याच गल्लीतली दोन-तीन घरे प्रशिक्षण नसलेल्या आयाबाईंवर चालली आहेत. त्यांच्या हातून सिरिंजची अदलाबदल झाली तर ती कोणाच्या लक्षात येणार, हा विचार नारिंगी टोपण पाहिल्यापासून माझ्या मनातून जात नाही. मी माझ्यापुरते एवढे केले की त्या घरांतल्या सिरिंज आणि बाटल्या पाहून घेतल्या. सुदैवाने त्या जुळत होत्या.

पुढच्या सत्रासाठी नवे कार्ड आले आहे. त्यातल्या आजींना स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे, पण त्या गोड बोलून वेळ मारून नेतात, त्यामुळे दहा मिनिटे गप्पा मारून कोणालाही संशय येऊ नये अशी ती भूमिका आहे. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगून मध्ये घड्याळाचे चित्र काढायला लावायचे आणि नंतर ते शब्द विचारायचे, अशी एक छोटी चाचणी आहे. ती केली तरच गोष्ट उघडकीला येते. अकरा वाजून दहा मिनिटे दाखवा असे सांगितल्यावर अशी माणसे पुष्कळदा एक काटा अकरावर आणि दुसरा दोनऐवजी दहाच्या आकड्यावर नेऊन ठेवतात, कारण ऐकलेला आकडाच हाताला ओढून नेतो. ही चूक मला प्रत्येक विद्यार्थ्यासमोर सारखीच करायची असल्यामुळे मी सध्या वहीत चुकीची घड्याळे गिरवते आहे, आणि सुनेऐवजी या वेळी मुलगा ठेवावा, तोही फोनवर बोलत येरझाऱ्या घालणारा, असे मॅडमना सुचवले आहे.